मांडवीकांठचें जुनें गोवें

कोल्हापुराहून गोव्यास जाणारी मंडळी थोडी नाहींत. कोणी कुलदैवताच्या दर्शनास जातात, कोणी नव्या सुनेला घेऊन देवीची ओटी भरावयास जातात, कोणी नुसता समुद्र पाहावयास जातात. पण मंगेशी, म्हार्दोळ, कवळें येथील देवदर्शन आटोपून परतलेल्यांपैकीं फार थोड्यांनीं मांडवीच्या कांठचें जुनें गोवें नीट पाहिलेलें असतें. कारण विचारल्यास उत्तर ठरलेलें असतें : "तेथें चर्चांशिवाय आहे काय? आणि ज्यांनीं आमचे देव घालविले त्यांचें वैभव आम्हीं कशाला पाहावें?" हें उत्तर आमच्याहि घरांत अनेक वर्षें ऐकूं येत असे. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब गेलों तेव्हां मात्र एक सबंध दिवस त्या शहरासाठीं राखून ठेवला. तेथें जें पाहिलें व त्यावरून जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवतों.

कोल्हापुराहून पणजी सुमारें सव्वादोनशें किलोमीटर आहे. गडहिंग्लज, आजरा करीत आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस यावें, ही वाट आम्हांस सर्वांत सुखाची वाटते. देशावरची काळी जमीन आजऱ्याच्या पुढें हळूहळू तांबूस होऊं लागते. घाट उतरल्यावर तर रस्त्याच्या कडेचे दगडहि तांबडे दिसतात. हा जांभा दगड. खाणींतून काढतांना तो मऊ असतो, त्याचे चिरे सहज तासतां येतात. पुढें हवा लागली म्हणजे तो कठीण होतो. त्याच्या अंगाला चाळणीसारखीं छिद्रें असून त्यांतून पाणी झिरपतें. वाचकांनीं त्याचा हा गुण ध्यानांत ठेवावा. कारण याच दगडानें जुनें गोवें बांधलें, आणि बव्हंशीं याच दगडानें तें मारलें.

गोमंतकाची राजधानी व तिचें बंदर एकाच जागीं कधीं स्थिर राहिलें नाहीं, ही गोष्ट तेथील इतिहासांत आम्हांस विशेष वाटली. अकराव्या शतकांत कदंब राजांनीं आपली राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे हल्लींच्या चांदराहून, जुवारी नदीच्या मुखाजवळ गोपकपट्टणास आणली. अरब व्यापाऱ्यांचीं गलबतें तेथें लागत. पुढें स्वाऱ्यांनीं तें पट्टण मोडलें, नदीचा कांठ गाळानें भरत गेला, आणि व्यापार उत्तरेकडे मांडवीच्या तीरावर एळा नांवाच्या गांवीं सरकला. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान यानें इ. स. १४७२ मध्यें गोवें घेतलें. त्या राज्याचे तुकडे पडल्यावर तें विजापूरच्या आदिलशहाकडे आलें. इराणच्या आखातांतील होर्मुझ बंदरांतून अरबी घोडे येथें उतरत व येथून विजयनगरास आणि दक्षिणेंतील इतर दरबारांस जात. ज्याच्या हातीं हें बंदर त्याच्या हातीं दक्षिणेंतील घोडदळाची नाडी, असा तो काळ होता.

पोर्तुगीज याच व्यापारावर नजर ठेवून आले. आफोंसो द आल्बुकेर्क यानें इ. स. १५१० च्या फेब्रुवारींत शहर घेतलें, मे महिन्यांत त्याला तें सोडावें लागलें, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजीं त्यानें तें पुन्हा जिंकलें. होन्नावरकडील तिमय्या नांवाचा हिंदु दर्यासारंग त्याला सामील होता, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. शहर पडल्यावर तेथील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. तींतून बायकामुलेंहि सुटलीं नाहींत. इ. स. १५३० पासून हें शहर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सर्व सत्तेची राजधानी झालें, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनच्या मकाव बंदरापर्यंतचा कारभार येथून चालूं लागला.

सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध हा त्या शहराच्या भरभराटीचा काळ. ज्यानें गोवें पाहिलें त्याला लिस्बन पाहण्याचें कारण उरलें नाहीं, अशी म्हण पोर्तुगीजांतच पडली. लिन्शोतेन नांवाचा एक डच तरुण इ. स. १५८३ पासून पांच वर्षें येथील आर्चबिशपच्या चाकरींत होता. पिरार नांवाचा फ्रेंच प्रवासी इ. स. १६०८ मध्यें येथें आला. दोघांनींहि आपलीं वर्णनें लिहून ठेविलीं आहेत. शहराच्या मध्यभागीं 'सरळ रस्ता' म्हणून ओळखला जाणारा राजमार्ग होता. तेथें सकाळच्या वेळीं मोठा बाजार भरे आणि लिलांव पुकारला जाई. कापड, जवाहीर, घोडे यांच्याबरोबर त्याच लिलांवांत माणसेंहि विकलीं जात. राजाच्या रुग्णालयांत रोग्यांना चांदीच्या भांड्यांतून अन्न मिळे, असें पिरार सांगतो. तो स्वतः तेथें रोगी म्हणून राहिला होता. तरी महिनेंमहिने समुद्रप्रवास करून लिस्बनहून आलेल्या शिपायांपैकीं शेंकडों त्याच रुग्णालयांत मरत. ताट चांदीचें असून पाणी शुद्ध नसेल तर काय उपयोग, हें त्या शहराला शेवटपर्यंत उमगलें नाहीं.

आज तेथें गेल्यावर प्रथम मनाला काय जाणवत असेल तर ती रिकामी जागा. एके काळीं दोन लाख वस्तीचें म्हणून ज्याचा अंदाज सांगतात, त्या शहराचें एकहि राहतें घर उरलेलें नाहीं. नारळीच्या बागा, हिरवळ, आणि त्यांत सुट्या सुट्या उभ्या असलेल्या प्रचंड धर्मवास्तु. नदीकडून वर येतांना गव्हर्नरांची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्को द गामा हा येथें व्हाइसरॉय असतांना इ. स. १५९९ च्या सुमारास ती बांधली गेली; ती पडल्यावर १९५४ मध्यें पुन्हा उभी केली. प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच कमानीखालून शहरांत प्रवेश करी. तेथून जवळच काळ्या दगडाची एक चौकट नुसती उभी आहे. ती आदिलशाही वाड्याची म्हणून दाखवितात. तिच्या घडणींत आपल्याकडील देवळांच्या कामाची ओळख पटते.

सें कॅथीड्रलचें काम इ. स. १५६२ मध्यें सुरू झालें आणि १६१९ मध्यें इमारत पुरी झाली. शहर ज्या दिवशीं जिंकलें तो संत कॅथरिनचा दिवस, म्हणून तें मंदिर तिच्या नांवें आहे. त्याला दोन मनोरे होते. त्यांतला एक १७७६ मध्यें कोसळला. उरलेल्यांत 'सोन्याची घंटा' या नांवानें प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. समोर रस्त्यापलीकडे बॉम जेझू. इ. स. १५९४ मध्यें त्याचा आरंभ झाला व १६०५ मध्यें तें पवित्र करण्यांत आलें. संत फ्रांसिस झेवियर यांचा देह येथें चांदीच्या पेटींत ठेवलेला आहे. हे साधु १५४२ मध्यें गोव्यास आले आणि १५५२ मध्यें चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. ती पेटी गोव्यांतील कारागिरांनीं सतराव्या शतकांत घडविली. खालचें संगमरवरी काम इटलींतील तोस्कानाच्या ड्यूकनें धाडलें. दर दहा वर्षांनीं तो देह दर्शनासाठीं खालीं आणतात; हा सोहळा २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झाला. बॉम जेझूच्या बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यांत आला, तेव्हांपासून जांभा उघडा पडला आहे. डोळ्यांना तो रंग सुंदर दिसतो खरा. पण प्रत्येक पावसाळा त्या दगडाला थोडा थोडा खात आहे, अशी काळजी जाणत्यांस वाटते.

आमच्या मुलांना मात्र सर्वांत आवडला तो टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा भग्न मनोरा. सुमारें शेहेचाळीस मीटर उंचीचा हा अर्धा मनोरा आकाशाकडे बोट केल्यासारखा उभा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं पुरें झालेलें हें मंदिर १८३५ मध्यें धर्मसंघांना राज्यांतून काढून लावल्यावर ओस पडलें. १८४२ मध्यें त्याची कमान कोसळली आणि १९३१ मध्यें दर्शनी भागहि पडला. येथें जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे अवशेष पुरल्याचें जुन्या कागदांत होतें. ही राणी इ. स. १६२४ मध्यें इराणांत धर्म सोडीना म्हणून मारली गेली. पुराणवस्तुखात्यानें केलेल्या उत्खननांत अस्थि सांपडल्या आणि पुढें शास्त्रीय परीक्षेनें त्या तिच्याच असाव्यात असें ठरलें. कोठली राणी, कोठें मरण, आणि कोठें अस्थि! बंदराच्या गांवाचा हात केवढा लांब पोंचतो तें यावरून दिसतें.

एवढें शहर मेलें कसें? एकाच घावानें नव्हे. १५६५ मध्यें विजयनगर बुडालें आणि घोड्यांचें मोठें गिऱ्हाईक गेलें. लिन्शोतेननें आर्चबिशपच्या घरीं बसून पूर्वेकडील जलमार्गांची माहिती टिपून घेतली व मायदेशीं जाऊन ती छापली. डचांनीं त्याच वाटांनीं येऊन १६४१ मध्यें मलाक्का आणि १६६३ मध्यें कोची घेतली. होर्मुझ १६२२ मध्येंच गेलें होतें. १६८३ मध्यें छत्रपति संभाजी महाराजांचें सैन्य शहरासमोरच्या जुवें बेटापर्यंत आलें, तेव्हां राजधानीच्या तटांचा भरंवसा संपला. व्हाइसरॉयनें मुरगांवास राजधानी हलविण्याचा घाट घातला, पण तो तडीस गेला नाहीं. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेऊन उत्तरेचा प्रांतहि तोडला.

परंतु या सर्वांहून मोठा शत्रु घरांतच होता. जांभ्याच्या जमिनींत घरोघर विहिरी, आणि त्यांच्याच शेजारीं शौचकूप. दगडाच्या छिद्रांतून एकाचें पाणी दुसऱ्यांत उतरे. १५४३ मध्यें पटकीची मोठी सांथ आली आणि त्यानंतर ज्वर व पटकी यांनीं शहराची पाठ सोडली नाहीं. व्हाइसरॉयनें प्रथम आपला मुक्काम शहराबाहेर हलविला, धनिक मागोमाग गेले, आणि १७५९ मध्यें व्हाइसरॉय पणजीस आदिलशहाच्या जुन्या वाड्यांत राहावयास गेला. १७७५ च्या सुमारास दोन लाखांच्या नगरींत दीड-दोन हजार माणसें उरलीं होतीं. पणजी उभारतांना जुन्या शहराचा दगडसुद्धां वाहून नेला. १८४३ मध्यें 'नवें गोवें' म्हणून पणजी अधिकृत राजधानी झाली.

पणजीस जातांना रायबंदरच्या बाजूनें जो लांबच लांब बांध लागतो तो इ. स. १६३४ च्या सुमारास बांधलेला असून अजून वाहता आहे. पणजी हें शहर टुमदार. फोंतान्यस भागांतील पिवळीं-निळीं घरें, टेकडीवरचें शुभ्र चर्च आणि त्याचा नागमोडी जिना, जुन्या सचिवालयाशेजारीं आबे फारिया यांचा पुतळा, हें सर्व पायीं फिरून पाहावें. कांदोळीस जन्मलेल्या या गोमंतकीयानें पॅरिसमध्यें संमोहनविद्येचा पाया घालण्यास हातभार लावला. पुतळा १९४५ चा व घडविणारा कामत आडनांवाचा गोमंतकीय शिल्पकार. चर्चमधली मोठी घंटा ऑगस्टीनच्या मनोऱ्यांतली. मेलेल्या शहराचा आवाज असा जित्या शहरांत ऐकूं येतो. संध्याकाळीं मांडवींत जुगाराच्या नौकांचे दिवे लागतात. त्याविषयीं गोमंतकीयांतच फार मतभेद आहेत, आणि पाहुण्यांनीं बोलण्यापेक्षां मुलांना घेऊन लवकर मुक्कामास परतावें हें बरें.

आतां मूळ प्रश्न. ज्यांनीं आमचे देव घालविले त्यांचें शहर आम्हीं कां पाहावें? छळ झाला, त्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. तिसवाडी, बारदेश व साष्टी या महालांतील देवळें सोळाव्या शतकांत पाडलीं. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्यें प्रियोळास आला. केळोशीची शांतादुर्गा १५६६ मध्यें कवळ्यास आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. हा अंत्रुज महाल तेव्हां आदिलशहाच्या अमलाखालीं होता, म्हणून देवांना तेथें आसरा मिळाला. रात्रीच्या रात्रीं मूर्ति उचलून नदी ओलांडणाऱ्या कुळांचे वंशज आज कोल्हापुरापासून मंगळूरपर्यंत पसरले आहेत. इ. स. १५६० मध्यें धर्मन्यायसभा आली ती, मधलीं चार वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत राहिली. गार्सिया द ओर्ता हा थोर वैद्य याच शहरांत राहिला. हिंदुस्थानांतील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्यें येथेंच छापला गेला. तो मूळ ज्यू कुळांतला. १५६८ मध्यें तो वारला, आणि १५८० मध्यें त्या सभेनें त्याच्या अस्थि उकरून जाळल्या. म्हणजे तिची आंच केवळ हिंदूंनाच लागली असें नव्हे.

पण ओर्ताचा ग्रंथ छापला गेला तो ज्या कलेनें, त्या मुद्रणाचा हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ मध्यें याच शहरांत, सेंट पॉलच्या विद्यालयांत उभा राहिला. त्या विद्यालयाची आज एक कमान तेवढी शिल्लक आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें येथें आला आणि त्यानें दहा हजारांहून अधिक ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठींत रचलें; तें १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें. मराठी भाषेची त्याच्याइतकी मनापासून स्तुति त्या काळीं आपल्यांतीलहि फार थोड्यांनीं केली असेल. पुढें १६८४ मध्यें त्याच सरकारनें लोकभाषेच्या वापरावर बंदी घालण्याचा हुकूम काढला. तरी भाषा मेली नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हांस तेथें स्पष्ट दिसली. बॉम जेझूच्या पायरीवर मेणबत्त्या विकणारी बाई आमच्याशीं ज्या कोंकणींत बोलली, तीच कोंकणी मंगेशीच्या फुलवालीची. ते लोक परके नव्हेत. एकाच गांवकींतील एक भाऊ देव घेऊन नदीपार गेला, दुसरा शेतभात सोडवेना म्हणून मागें राहिला व ख्रिस्ती झाला. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या उत्सवास आजहि हिंदु तेल घेऊन जातात. पोर्तुगीज १९ डिसेंबर १९६१ रोजीं गेले. मागें राहिलेले हे आपलेच सोयरे आहेत. त्या शहराच्या दगडांवर राग धरतांना तो या माणसांवर तर निघत नाहीं ना, हें ज्यानें त्यानें तपासावें.

कोल्हापूरकरांनीं तर गोमंतकाचें ऋण विसरूंच नये. केरीच्या केसरबाई लहानपणीं कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढें आमच्याच दरबारचे गवई अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या. १९७७ मध्यें अमेरिकेनें अवकाशांत धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडींत त्यांचें गाणें आहे. कुर्डीच्या मोगूबाई त्याच घराण्याच्या. मंगेशीच्या दीनानाथांचें नांव तर सर्वांच्या तोंडीं आहे.

जाणाऱ्यांस दोन सूचना. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. मात्र ३ डिसेंबर हा झेवियर यांचा सण असल्यानें त्या आठवड्यांत गर्दी फार. सकाळीं लवकर जुनें गोवें गांठावें, चर्चमध्यें प्रार्थना चालू असल्यास थांबावें, आवाज व वेष दोन्ही जपावे; आपल्या देवळांत परक्यांकडून आपण जी अपेक्षा करतों तीच येथें पाळावी. ऑगस्टीनची टेकडी उन्हापूर्वीं चढावी. मुलांस आधीं इतिहास थोडा सांगून न्यावें, नाहींतर त्यांना नुसते दगड दिसतील.

एक विचार मात्र घाट चढून परत येतांना आमच्या मनांतून जाईना. डचांनीं समुद्र अडवला, मराठ्यांनीं प्रांत घेतला. पण तें शहर रिकामें केलें तें विहिरीच्या पाण्यानें. सोन्याची घंटा, संगमरवरी समाधि, चांदीचीं ताटें असतांना पिण्याचा घोट शुद्ध ठेवण्याची बुद्धि कारभाऱ्यांस झाली नाहीं. आम्ही पंचगंगेच्या कांठीं राहतों. इ. स. २०१२ मध्यें आमच्याच जिल्ह्यांत इचलकरंजीस दूषित पाण्यामुळें काविळीची सांथ आली व माणसें दगावलीं. नदींत काय सोडावें व काय सोडूं नये, हा प्रश्न गांवोगांवच्या बैठकींत दरवर्षीं निघतो आणि दरवर्षीं पुढें ढकलला जातो. कुलदैवताला नमस्कार करून येणाऱ्यांनीं त्या ओसाड नगरीलाहि एकदां भेट द्यावी ती एवढ्याचसाठीं. राज्यें शत्रूच्या हातून जातात हें आपण शाळेंत शिकतों. शहरें आपल्याच हातून जातात, हें जुन्या गोव्याच्या हिरवळीवर उभें राहिल्याशिवाय पटत नाहीं.